शुक्रवारी तुमचाच फोटो उघडतो

प्रिय सुनंदाताई,

काल शुक्रवार होता, म्हणून लिहितेय. पोलंडच्या शाळेचा कॉल अजून तुमच्याच खात्यावरून लावावा लागतो. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर तुमचा गोल फोटो आला. मोरपंखी साडी, तेच हसू. आणि तिकडची पोरं हात हलवून म्हणाली, "गुड मॉर्निंग, सुनंदा मॅडम!"

सातवीची रुखसार माझ्याकडे वळली. "बाई, त्याईले सांगतलं नाही का तुमी अजून?"

नव्हतं सांगितलं. मी मराठीची बाई. तुम्ही गेलात हे इंग्रजीत सांगायला तोंडच उघडेना. तुम्ही असतात तर खेकसला असतात, "चुकलं त चुकलं! थे पोट्टे बी इंग्रजी शिकूनच राहिले ना?"

दहाव्याला नदीवर काय केलंत आठवतं का? पिंडाला कावळा शिवेना. लेकाने शब्द दिला, आजीला सांभाळीन. भावाने दिला. कावळा आपला बाभळीवरच! ऊन चढलं, माणसं कुजबुजायला लागली. शेवटी मी मागून पुटपुटले, "ताई, शुक्रवारचा कॉल बंद पडू देणार नाही." तो लगेच खाली उतरला. चांगलंच अडकवलंत मला! एवढ्या शाळेत मीच सापडले?

काल शेवटी रुखसारच माईकसमोर गेली. तोडक्यामोडक्या इंग्रजीत तिने सगळं सांगितलं. मॅडम गेल्या, नदीवर भात ठेवला, इच्छा राहिली की कावळा येत नाही. मग पलीकडून झोशा नावाच्या मुलीने विचारलं, "व्हॉट डिड शी वॉन्ट?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. पळून जावंसं वाटलं, खरं सांगते. पण माझ्या मागे, फळ्याजवळ, तुमच्या बांगड्या वाजल्या. वाजल्याच! मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. उठून कॅमेऱ्यासमोर गेले.

"शी वॉन्ट... फ्रायडे," म्हणाले. "एव्हरी फ्रायडे."

कोणी हसलं नाही. झोशाने डोळे पुसले.

निरोप घेऊन कॅमेरा बंद केला, तर तुमचा फोटो परत आला. तिकडची पोरं अजून गेली नव्हती. तुम्हाला हात करत होती. कॉल बंद करायला माझं बोटच उचलेना. असं किती दिवस बघत राहणार आहात हो?

खात्यावरचं नाव बदलणार नाही. येत्या शुक्रवारी पहिलं वाक्य मीच बोलेन, चुकलं त चुकलं. फक्त तुम्ही आता माझ्या पाठीमागे उभ्या राहू नका, ताई. पुढे येऊन पोरांच्या बाकावर बसा.

तुमच्या तावडीत सापडलेली,
वंदना
मूर्तिजापूर