डावीकडची सीट

सॅन फर्नांडो, त्रिनिदाद
१२ जानेवारी २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि मी उठतो तेव्हा तुझी दुपार कलत असते, म्हणून नानांच्या शिस्तीने रीतसर पत्र लिहितो आहे. पाठवतो मेलनेच. पोस्टात टाकलं असतं तर तुझं उत्तर येईपर्यंत आमचा पूल बांधून झाला असता.

विषय गाडीचा आहे. चार महिने मी आणि रुचा इथल्या शेअर व्हॅनवर भागवतो आहोत. माझा करार आता पाच वर्षांचा झाला, तेव्हा रोजच्या वापराला गाडी हवीच. आपल्या घरात गाडीतलं कळतं ते फक्त तुला. भावोजींनी राग मानू नये, पण त्यांना टायर बदलताना मी पाहिलं आहे.

जपानमध्ये वापरून झालेल्या गाड्या इथे बोटीने येतात आणि बहुतेक लोक त्याच घेतात. आमचं घर चढावर, रस्त्यात खड्डे, पावसाळ्यात फूटभर पाणी, आणि खाऱ्या हवेने पत्रा गंजतो तो वेगळाच. एवढ्यात टिकेल अशी गाडी कशी ओळखायची ते सांग. आणखी एक. डावीकडची सीट जमिनीपासून किती उंच असावी, ते दार किती उघडावं, आणि वर धरायला मूठ असते ती माणसाचं वजन पेलते का, हे तुझ्या गाडीवर बघून कळव. हसू नकोस, कारण आहे.

रुचाचा नमस्कार. तुझ्या लोभावर हक्क सांगायची जुनी सवय आहे, ती मोडायची वेळ आणू नकोस.

तुझा,
वेदांत

•

अबू हमूर, दोहा
१९ जानेवारी २०२५

चि. वेदांतास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून मुलांना मोठ्याने ऐकवलं. त्यांना निम्मं कळलं आणि उरलेल्यावर त्यांनी इंग्रजीत विनोद केले.

तुझ्या कंबरेने पुन्हा डोकं वर काढलेलं दिसतं. शुक्रवारी सकाळी टेप घेऊन बाहेर गाडीपाशी गेले. माझ्या गाडीत चालवणाऱ्याची सीट जमिनीपासून अठ्ठावीस इंच आहे, ती मला चढायला जरा उंच पडते. तुला पंचवीस पुरे. बसताना गुडघे कंबरेच्या वर जायला नकोत, आणि उठताना पाय जमिनीला पूर्ण टेकायला हवेत. मुठीला मी लोंबकळून पाहिलं. ती पेलते. शेजारच्या सुमैयाने गॅलरीतून विचारलं, की हा व्यायाम कुठला.

आता गाडी. वरचा रंग बघू नकोस, खाली वाकून बघ. गंज खालून लागतो. पाण्यात बुडून आलेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ. टोकाला चिखलाचा डाग असेल तर खलास, तिथून निघ. एसी भर दुपारी उन्हात लावून बघ. आणि तुमच्या गावात जी गाडी सगळ्यांत जास्त दिसते तीच घे. वेगळी दिसावी म्हणून काहीतरी घेशील, आणि एका आरशासाठी तीन महिने थांबशील. बाकीचं फजलभाईंना विचारते. रत्नागिरीकडचे आहेत, एशियन टाउनजवळ त्यांचं गॅरेज आहे. ते गाडीच्या आवाजावरून मालकाचा स्वभाव सांगतात.

आता माझं एक काम कर. परवा नानांना पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, की गुडघ्यांना साडेतीन तासांचा विमानप्रवास झेपणार नाही. नऊ वर्षं झाली विचारते आहे. देवरुखला एकटे राहतात, गेल्या पावसाळ्यात पायरीवरून पडले ते शेजाऱ्यांकडून कळलं. त्यांच्यासाठीच मी तळमजल्याचं घर मागून घेतलं, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. ती खोली रोज पुसली जाते आणि कुणी झोपत नाही. तुझं ते ऐकतात. तू एकदा नीट सांग. नाना इथे आले की मला आयुष्यात फारसं मागायचं उरत नाही.

गाडी घाईने घेऊ नकोस, आणि बहिणीला विसरायची मात्र घाई नकोच.

तुझी,
ताई

•

सॅन फर्नांडो
२७ जानेवारी २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे पुस्तकच आहे. सीटबेल्टची युक्ती केली आणि दोन गाड्या तिथेच बाद झाल्या. विकणारा माझ्याकडे जरा आदराने बघायला लागला.

आता दोन उरल्या आहेत. एक साधी सेडान, इथे जिकडेतिकडे दिसते. दुसरी उंच, चौकोनी, जपानी. तिची डावीकडची सीट बटण दाबलं की दाराबाहेर वळते आणि थोडी खाली येते. माझं मन तिच्यावर आहे. पण खाऱ्या हवेत ती यंत्रणा टिकेल का, आणि बिघडली तर हाताने फिरते का, एवढं फजलभाईंना विचार. लवकर कळव, तो माणूस गाडी फार दिवस धरून ठेवणार नाही.

साइटवर कामाची गर्दी आहे, म्हणून आवरतं घेतो. रागावशील तरी पत्र लिहून रागाव.

तुझा,
वेदांत

•

अबू हमूर, दोहा
२ फेब्रुवारी २०२५

चि. वेदांतास आशीर्वाद.

काल फजलभाईंकडे गेले होते. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. कंबरदुखीसाठी भाऊ अशी गाडी बघतो आहे, असंही सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि विचारलं, की बाय, त्या देशात गाड्या कुठल्या बाजूने चालतात. मला सांगता येईना. त्यांनीच कुणाला तरी फोन लावला. मग म्हणाले, की तिकडे आपल्या गावासारखंच आहे, स्टेअरिंग उजवीकडे. डावीकडे चालवणारा बसत नाही, शेजारचा बसतो. आणि बाहेर वळणारी सीट जपानी लोक म्हाताऱ्या माणसांसाठी करतात. तुमचा भाऊ स्वतःसाठी गाडी बघत नाही, असं ते अगदी हळू म्हणाले. मग मला चहा मागवला आणि दुसऱ्या गाडीखाली गेले.

चौदा वर्षं मी डावीकडे बसून गाडी चालवते. डावीकडची सीट म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. पण माझं चुकलं हे तुला पहिल्याच उत्तरात दिसलं होतं. चालवणाऱ्याची सीट, असं मी स्वच्छ लिहिलं होतं. तुझी कंबर, असंही. तू दुरुस्त केलं नाहीस. उलट पुढचा प्रश्न विचारलास. आणि नानांना समजाव, असं मी ज्या पत्रात लिहिलं, त्याच पत्रातली सीटबेल्टची युक्ती तेवढी तू उचललीस.

गॅरेजमधूनच नानांना फोन केला. ते खोटं बोलले नाहीत, कारण मी थेट विचारलं. पासपोर्ट नोव्हेंबरमध्ये झाला. आठ मार्चचं तुझ्याकडे यायचं तिकीट आहे. मुंबईहून लंडन, आणि पुढे तेवढंच पुन्हा. दोह्यावरून जाणारं स्वस्त तिकीट मिळत होतं, ते ताईला कळेल म्हणून घेतलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. साडेतीन तासांना नकार देणारे गुडघे अख्खं दिवसभराचं विमान सोसणार आहेत. मी नऊ वर्षं त्या गुडघ्यांसाठी तेलं पाठवली.

मूठ त्यांचं वजन पेलेल का, हे बघायला तू मला लोंबकळायला लावलंस, वेदांत. मला सांगितलं असतंस तरी मी लोंबकळले असते.

गाडीबद्दल मात्र चुकीचं लिहिणार नाही, कारण तिच्यात नाना बसणार आहेत. वळणारी सीट नको. फजलभाई म्हणतात, तिची मोटर खाऱ्या हवेत दोन वर्षांत अडेल, आणि पार्ट तिथे मिळणार नाही. सेडानही नको, ती खोल असते. तुमच्याकडे जास्त दिसणाऱ्या गाड्यांत जी उंच असेल ती घे, चोवीस ते पंचवीस इंच. सीटवर घट्ट गादी टाक, कापड गुळगुळीत असू दे, म्हणजे त्यावर बसून सहज वळता येतं.

या पत्राला तुझ्या उत्तराची गरज नाही.

जयमाला

•

देवरुख
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. जयमालेस वसंतरावांचे अनेक आशीर्वाद.

शेजारच्या मुलीकडून या पत्राचे फोटो काढवून पाठवत आहे. अक्षर हलते आहे, सांभाळून घे.

वेदांतला बोल लावू नकोस. कागदपत्रे हातात येईपर्यंत ताईला कळवायचे नाही, हे मीच त्याला सांगितले होते. तो दोनदा म्हणाला, की हे बरोबर नाही. मी ऐकले नाही. गुडघ्यांचे कारण मीच पुढे केले. खरे कारण सांगितले असते तर तुला लागले असते, म्हणून.

खरे कारण तुला ठाऊक आहे. तुझ्या घरी काही कमी आहे म्हणून नव्हे. जावई भला माणूस आहे. पण मुलीच्या घरी जाऊन जन्म काढायचा, जावयाच्या ताटात रोज जेवायचे, हे माझ्याने होणार नाही. माझ्या वडिलांनी केले नाही. तुझी आई सत्यभामा आज हयात असती तर तिनेही मला जाऊ दिले नसते. मुलाचे घर हजार कोस दूर असले तरी ते आपले असते. याला तू जुनाट म्हणशील. म्हण. आता या वयात मी नवा कुठून होऊ?

तू समजूतदार आहेस. लहानपणापासून आहेस. ती खोली आता मुलांना अभ्यासाला दे.

एक मागणे आहे. आठ तारखेच्या आधी चार दिवस येऊन जा. चाळीस वर्षांचे घर आवरायचे आहे, तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. आणि निघताना तुझ्या हातचे जेवून निघावे असे वाटते.

माया आहे ती आहेच, ती अंतराने कमी होणार नाही.

तुझे,
नाना

•

अबू हमूर, दोहा
१६ फेब्रुवारी २०२५

ती. नानांस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. अक्षर लागलं, सगळं लागलं.

तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून मीही लिहिते. हे घर जावयाचं नाही. शाळेने ते मला, माझ्या नोकरीवर दिलं आहे. भाडेपट्टीवर माझं नाव आहे. तुमच्यासाठी तळमजला मागायला मी प्रिन्सिपलसमोर बसले होते, हे नव्हते. तुम्हाला हे माहीत असेल असं मी धरून चालले, आणि तुम्ही नऊ वर्षांत कधी विचारलं नाहीत. पण माहीत असतं तरी तुम्ही आला असतात, असं आता मला वाटत नाही. घर कुणाचं हा प्रश्नच नव्हता. मी कोण, हा होता.

लहानपणापासून समजूतदार आहेस असं तुम्ही म्हणता, तेव्हा त्यानंतर माझ्याकडून काहीतरी काढून घेतलं जातं. हे मला या वयात कळलं. तक्रार नाही, फक्त कळलं.

वेदांतने गाडी घेतली, तिचा फोटो आला आहे. चांगली आहे. बसताना आधी पाठमोरे उभे राहा, सीटचा स्पर्श मागे लागू द्या, मग बसा, आणि मगच पाय आत घ्या. आधी एक पाय आत टाकून बसू नका, गुडघा पिळवटतो. उतरताना याच्या उलट. वेदांतला घाई असते, त्याला थांबायला सांगा. लंडनच्या विमानतळावर चाकाची खुर्ची आधीच सांगून ठेवा, मागायला लाजू नका.

घर आवरायला मी येणार नाही. शाळेत चार दिवसांची रजा मिळते. तिकिटं आहेत. मुलांना हे सांभाळतील, तसं ते आपणहून म्हणाले. माझी तब्येत उत्तम आहे. परीक्षा, पाहुणे, आजारपण, यातलं काहीही लिहून पाठवता आलं असतं, आणि तुम्ही विश्वासही ठेवला असता. नाना, मला यायचं नाही, एवढंच कारण आहे. तुम्हीही मला पहिल्याच वर्षी एवढंच लिहायला हवं होतं.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

आपली,
जयमाला