ठेवायची का चालवायची

१४ ऑक्टोबर १९४५, खंडेनवमी. मादन हिप्परगा.

आजपासून रोजनिशी. शाळेत निजाम सरकारची फसली तारीख घालतो, घरात आई तिथी सांगते, पण इथं इंग्रजी तारीख. कारण ही रोजनिशी अप्पांच्या मोटारसायकलीसाठी आहे आणि मोटारसायकल विलायती आहे.

आईनं दरसालाप्रमाणे पूजा मांडली. विळी, कुऱ्हाड, माझी लेखणी आणि गाडी. टाकीला हळदकुंकू, हँडलला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. अप्पा, म्हणजे माझे वडील, तामिरात म्हणजे बांधकाम खात्यात ओव्हरसीअर होते. परत जाणाऱ्या एका गोऱ्या इंजिनिअराकडून त्यांनी ही घेतली आणि मुडबीपासून गुलबर्ग्यापर्यंत सगळ्या सडका तिच्यावरून तपासल्या. अप्पा गेल्यापासून गाडीवर बसून कोणी रस्त्यावर गेलेलं नाही. आदरापोटी.

आरती झाल्यावर अनसूया म्हणाली, अहो, हिला ते बाजूचं खोकं बसवून घ्या की, तिसरं चाक असतंय ते. मला सहावा महिना लागलाय. येळ आली तर आळंदला डॉक्टरीणबाईकडं लवकर पोचता येईल.

साइडकारचा विचार करतो म्हणालो. विचार केल्याशिवाय विलायती वस्तूला हात लावणं बरं नाही.

१५ ऑक्टोबर, दसरा.

संकल्प. रोज पहाटे उठून गाडीचं मेंटेनन्स. दिवाळीपर्यंत खोक्याचा निर्णय. दिवाळीनंतर अनसूयेला बसवून आळंदला एक चक्कर, म्हणजे गावालाही कळेल.

१६ ऑक्टोबर.

उठायला उशीर झाला. काल सोनं वाटून दमलो होतो.

मागच्या वेळचं अनसूया बोलत नाही. मीही बोलत नाही. तरी लिहून ठेवतो, म्हणजे डोकं मोकळं होईल. मागच्या वेळी कळा आल्यावर तिला बैलगाडीतून नेलं. आळंद दूर राहिलं, वाटेतच सगळं आटोपलं. मुलगा होता. मोटारसायकल शेडमध्ये होती हे खरं. पेट्रोलचा टिनही भरलेला होता. पण लढाईचे दिवस, कुपनावरचं पेट्रोल, ते जपून वापरायचं असतं. मी हँडल धरून उभा राहिलो होतो, अगदी निघायच्या तयारीत. हात कापत होते, कारण थंडी फार होती. तोवर बैलगाडी निघून गेली. पेट्रोलचं मी नंतर सर्वांना समजावून सांगितलं. कोणी काही बोललं नाही. पटलं असणार.

४ नोव्हेंबर, दिवाळी.

निर्णय पुढं ढकलला. सणासुदीत घाई नको.

११ नोव्हेंबर.

फार महत्त्वाचा दिवस! जहागीरदारांचे भाचे हैदराबादेहून आले होते. शाळा बघायला आले आणि शेडमध्ये रमले. गाडीभोवती दोनदा फिरले, टाकीवरून बोट फिरवलं. म्हणाले, इसकू हात नक्को लगाना मास्टरसाब, जैसी है वैसीच रखना, ऐसी असली चीज अब कां मिलती.

माझ्या मनात अगदी हेच होतं, फक्त शब्द सापडत नव्हता. ओरिजिनल! अप्पांचा हिरवा रंग, अप्पांचा कार्बाईडचा दिवा, टाकीवरची झिजलेली सोनेरी अक्षरं. यात मिलावट करणारा मी कोण?

रात्री जेवताना अनसूयेला ओरिजिनल म्हणजे काय ते समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, असली ठेवून करायचं काय?

बायकांना प्रिन्सिपल कळत नाही.

२ डिसेंबर.

घात झाला. अनसूयेचे दादा, मंठाळचे गुंडेराव, आज बैलगाडी घेऊन दारात. गाडीत ते खोकं! सोलापूरला मिलिटरीच्या लिलावात घेतलं म्हणे. चाकासकट. वरून खाकी, एका बाजूला पोचा. मला एका शब्दानं विचारलं नाही. अनसूयेनं निरोप धाडला होता, हे नंतर कळलं.

मला संताप आला. बाप माझा, गाडी माझ्या बापाची, आणि निर्णय मंठाळात व्हायलाय! हे मी बोलून दाखवणार होतो, पण गुंडेराव जेवायला बसले होते. आई म्हणाली, छान मऊ गादी हाय रे अच्युता, मी बी बसीन.

अप्पांच्या हिरव्याशेजारी खाकी. छे!

९ डिसेंबर.

तिप्पण्णा लोहार हत्यारं घेऊन आला. अनसूयेनंच बोलावलेला. वाकून सांगाडा बघितला, ठोकून बघितला, म्हणाला, मजबूत हाय, आजच्या आज बसतंय. मी म्हणालो, आधी रंगाचा प्रश्न. खोकं हिरवं करायचं की गाडी खाकी? की दोन्ही जशीच्या तशी ठेवायची, म्हणजे दोन्ही ओरिजिनल? आणि मुळात बसवायचं का? तिप्पण्णानं बिडी ओढून संपवली. मग हत्यारं गोळा केली आणि म्हणाला, मास्तर, ठेवायची का चालवायची ते एकडाव ठरवा, मंग मला बोलवा.

माणूस कामाचा आहे, पण त्याला विचारांची खोली नाही.

१५ डिसेंबर.

निर्णय लांबला म्हणून मी रिकामा बसलेलो नाही. शेडचं दार लावून, गाडी स्टँडवर घेऊन, रोज सराव. तोल, गिअर, ब्रेक, भोंगा. आज आळंदपर्यंत जाऊन आलो. वाटेत म्हैस आडवी आली, ब्रेक वेळेवर लागला. नाल्याजवळचं वळण फार सफाईनं घेतलं.

परत येत होतो तेवढ्यात अनसूया चहा घेऊन आत आली. कधी आली कळलं नाही. कप टाकीवर ठेवला आणि दार हळूच ओढून घेऊन गेली. भोंगा वाजवायला नको होता.

मला गाडी येते यात शंका नको. लहानपणी अप्पांनी एकदा पुढं बसवून माझ्या हातात दिली होती. तेव्हा फड्या निवडुंग मधे आला. हनुवटीवरची खूण त्या निवडुंगाची. चूक निवडुंगाची होती. अप्पा त्यानंतर पुन्हा शिकवतो म्हणाले नाहीत, कारण शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सोयरीक ठरवताना अनसूयेच्या वडिलांना, घरी मोटारसायकल आहे, एवढंच सांगितलं होतं. चालवता येते का, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बघितलं असतं.

३ जानेवारी १९४६, येळ अमावस्या.

शेतातल्या पूजेला अख्खं गाव रानात. गाड्या जुंपून, डाळी-पालेभाज्यांच्या भज्जीची गाडगी, बाजरीचे उंडे, आंबिलीचा माठ घेऊन. आमचं शेत जवळच. आईची फार इच्छा, की अच्युतानं अप्पांसारखं फटफट करत यावं. मी म्हणालो, अमावस्येला गाडी काढणं बरं दिसत नाही. आई म्हणाली, अरे सगळं गाव अमावस्येलाच निघालंय की.

चालत गेलो. भज्जी उत्तम. अनसूयेला चालवेना, दोनदा बसली. पाय सुजलेत. मी तिच्याकडं बघत होतो हे तिला कळलं आणि तिनं लुगडं ओढून पाय झाकले. मला जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

नक्की ठरवलं. उद्या तिप्पण्णाला बोलावणं.

४ जानेवारी.

शाळेत इन्स्पेक्टर येणार अशी आवई. तिप्पण्णाला बोलावता आलं नाही. इन्स्पेक्टरही आला नाही.

१५ जानेवारी.

नवीनच भानगड. खोक्यात मांजर व्याली! चार पिल्लं. सगळी सुखरूप. आता डोळे उघडेपर्यंत त्यांना हलवणं पाप आहे. माझा नाइलाज. मी हे अनसूयेला सांगायला गेलो तर ती शेडमध्येच होती, खोक्याशेजारी फतकल मारून. किती वेळ बसली होती कोण जाणे. मला म्हणाली, हिला किती सोपं गेलं बघा.

मी मेंटेनन्सचं फडकं शोधत बाहेर आलो. फडकं माझ्या खांद्यावरच होतं.

३ फेब्रुवारी.

पिल्लं पळायला लागली. आता रंगाचा प्रश्न पुन्हा. जहागीरदारांच्या भाच्यांना लिहून विचारलं आहे. उत्तर आल्याशिवाय पुढं जाणं त्यांचा अपमान ठरेल.

१४ फेब्रुवारी.

गुंडेराव परत आले. बैलगाडी परसात उभी करून राहिलेत. कडबा न्यायचाय म्हणतात. कडबा काही भरत नाहीत. आज गाडीत पेंढा पसरला, त्यावर वाकळ, वर कांबळं. कडब्यासाठी वाकळ कामून लागते, असं मी विचारलं. आई म्हणाली, तू आपलं गाडी पूस जा.

पुसली. चिंचेनं पितळ लख्ख केलं. तोंड दिसतं त्यात. बघवेना.

१९ फेब्रुवारी.

पक्का, अखेरचा निर्णय! भाचेसाहेबांचं उत्तर येवो न येवो. रविवारी तिप्पण्णा, खोकं, रंग जसाचा तसा. मग सोमवारी सकाळी टेस्टिंग आणि नंतर अनसूयेला थेट दवाखान्याच्या दारात. खूप हलकं वाटायलंय.

२० फेब्रुवारी, पहाटे.

कळा सुरू झाल्या. रविवार यायच्या आधीच!

गुंडेरावांनी बैल जुंपले. आईनं गाठोडं आधीच बांधून ठेवलं होतं, ते घेऊन ती गाडीत चढली. मी शेडमध्ये गेलो, टिन ओतला, हँडल धरलं. बाहेर येऊन सांगितलं, तुम्ही व्हा पुढं, मी मोटारसायकलवरून येतो, तुमच्या आधी पोचतो. गुंडेरावांनी बैलांकडं बघितलं. अनसूया वाकळीवर आडवी होती, ओठ दातात धरलेले. तशातही तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. म्हणाली, सावकाश या.

बैलगाडी दिसेनाशी झाली. मागच्या वेळीही अशीच दिसेनाशी झाली होती.

२१ फेब्रुवारी. आळंद, दवाखान्याच्या ओट्यावर.

आधी मुख्य ते. मुलगी. दोघी बऱ्या आहेत. रडते जोरात. इथं ओट्यावर ऐकू येतं.

आता काल काय झालं ते. मी निघालो. निघालो म्हणजे, इंजिन थंड असताना जोर लावणं चुकीचं म्हणून आधी ढकलत निघालो. वेशीपाशी लोकांनी विचारलं. टेस्टिंग चालू आहे, सांगितलं. वेशीच्या पुढं कोणी विचारत नव्हतं, तरी ढकलतच होतो. मधे दोनदा बसायला पाय टाकला, दोनदा काढून घेतला. तिच्या कळा आठवायच्या आणि मी अजून जोरात ढकलायचो. धोतर ओलंचिंब. येणारी-जाणारी माणसं रस्ता सोडून उभी राहायची.

उतारावर मात्र बसलो. डोळे मिटून बसलो हे खरं. पण गाडी चालली, वारा लागला, भोंगाही वाजवला! अप्पा असते तर, असं मनात आलं आणि तेवढ्यात निवडुंग मधे आला. या भागात निवडुंग फार माजलंय. हनुवटी तिथंच फुटली. गाडीची टाकी चेपली आणि अप्पांचा दिवा कुठं उडाला तो सापडला नाही. ओरिजिनल संपलं. थोडा वेळ रस्त्यात बसून राहिलो. मग पुन्हा ढकलायला लागलो.

आळंदला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. दवाखान्याच्या फाटकात गाडी लावली आणि खाली बसलो. कंपाउंडर धावत आला, म्हणाला, रस्ता अडवायलाव, चालू करून तिकडं घ्या. पेट्रोल संपलंय, मी सांगितलं. तर तो डॉक्टरीणबाईंच्या मोटारीतलं पेट्रोल आणायला निघाला! लोक जमले. म्हणाले, चालवा मास्तर, आम्हाला बी बघू द्या. सगळे गोल करून उभे. मी हँडल धरलं. हात कापायला लागले.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज आला. बारीक, पण अनसूयेचाच. राहू द्या, ढकलूनच लावा बाजूला, दमलेत ते.

दोघांनी ढकलून लावली. मी वर गेलो.

मुलगी माझ्या आईच्या मांडीवर होती. गुंडेराव दारातून बाहेर गेले. अनसूयेनं माझी हनुवटी बघितली आणि पदरानं रक्त पुसलं. मी म्हणालो, खोकं आधीच बसवलं असतं तर तुला एवढा त्रास झाला नसता. रंगामुळं उशीर झाला. ती म्हणाली, ते खोकं माझ्यासाठी न्हवतंच. मला बैलगाडीची सवय हाय. तीन चाकं असली की गाडी पडत न्हाई, म्हणून दादाला आणायला लावलं. तुम्हाला भ्या वाटू नये म्हणून.

मला कशाचं भ्या, असं म्हणायला तोंड उघडलं. मग विचारलं, कधीपासून ठाऊक? म्हणाली, मागल्या येळेपासून. तुम्ही हँडल धरून उभे होता. हात कापायलते.

थंडी होती, मी म्हणालो.

ती म्हणाली, वैशाख होता.

मग तिनं पोरगी माझ्याकडं दिली. हात कापत होते म्हणून घेत नव्हतो. ती म्हणाली, घ्या, पडत न्हाई.

२ मार्च. परतीच्या वाटेवर.

बैलगाडीत अनसूया, पोरगी, आई आणि मी. मागं दोरीनं बांधलेली मोटारसायकल, आडवी. निवडुंगाची जागा आली तेव्हा गुंडेरावांनी बैल थांबवले आणि दिवा शोधायला उतरले. सापडला नाही. सापडून तरी काय, काच फुटली असणार. मी म्हणालो, राहू द्या, चला.

पुढं थोडं गेल्यावर गुंडेराव म्हणाले, तिप्पण्णा विचारत होता. ठेवायची का चालवायची ते ठरलं का मास्तरांचं?

अनसूयेनं पोरीच्या तोंडावरचं फडकं नीट केलं. माझ्याकडं बघितलं नाही.

शिकायची, मी म्हणालो.

गुंडेराव हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. नुसतं व्हय म्हणाले आणि बैल हाकले.