बंब्याला संपवण्याचा संकल्प

२ मार्च, सकाळ
संकल्प: येत्या आखाजीपर्यंत (म्हणजे अक्षय्य तृतीया) बंब्याला कायमचं संपवायचं.
पार्श्वभूमी. (वाचणारा मीच आहे, तरी मुद्देसूद असावं.) नऊ वर्षांचा असताना मी 'बंब्याचं घर' या मालिकेत बंब्या होतो. रविवारी सकाळी लोक दात न घासता मला बघायचे. हिलाल हे नाव निर्मात्याला पडद्याला शोभेसं वाटलं नाही, म्हणून श्रेयनामावलीत मी 'मास्टर हेमंत'. पुढे गाल गेले, आवाज फुटला, मुंबईचे फोन थांबले. सध्या जळगावला एका क्लासमध्ये दहावीला संस्कृत शिकवतो. तात्पुरतं. अठरा वर्षं झाली.
बंब्या मात्र अजून नऊ वर्षांचाच. कोणीतरी जुने भाग मोबाईलवर चढवलेत. पानटपरीवर, रिक्षात, बँकेच्या रांगेत अचानक पाठीमागून त्याचा आवाज येतो: "मग मी कुठं बसू?" मी वळून बघतो. मागे कोणीतरी रील बघत असतं. हे माहीत असूनही दर वेळी वळतो.

२ मार्च, दुपार
योगायोग म्हणावा तर हा. मुंबईहून सोनल नावाच्या मुलीचा फोन. मालिका नव्याने येतेय. बंब्या नवा, आणि बंब्याच्या वडिलांच्या भूमिकेत मी. ती म्हणाली, या पात्राभोवतीच सगळं घर उभं आहे. म्हणजे नायक. बंब्याचा बाप झालो की बंब्या आपोआप संपतो. तर्कशुद्ध.
दहा किलो वजन उतरवणे. क्लासला सूचना देणे. उषाला (पत्नी, पोस्टात नोकरी) योग्य वेळी सांगणे.

४ मार्च
सकाळी ताक, दुपारी काकडी. संध्याकाळी उषाच्या भावाने असोद्याहून भरताची वांगी पाठवली. भरीत ही शेवटी भाजीच. पुऱ्या मोजल्या नाहीत. मोजल्याने ताण वाढतो.

९ मार्च
सोनलला एक फोटो हवाय. समोर बघणारा, पांढरा शर्ट, मागे काही नको. लुक टेस्ट असणार. रमजानभाईंच्या स्टुडिओत गेलो. मी शांत हसलो, तर ते कॅमेऱ्यामागून म्हणाले, "सर, हसू नका. हसला की तो पोरगा येतो मधे."
गंभीर झालो. फोटो चांगला आला. रमजानभाईंनी विचारलं, मागे जरा ढग टाकू का, लोकांना आवडतात. कसले लोक ते विचारायचं राहिलं.

१८ मार्च
स्क्रिप्ट अजून नाही. सोनलला फोन केला. म्हणाली, तुमचं पात्र फारसं बोलत नाही. मितभाषी. भूमिकेला खोली आहे. आजपासून घरी मौनाचा सराव.

२१ मार्च
मौनाचा चौथा दिवस. उषा माझ्या आईला सांगत होती, हल्ली घरात किती बरं वाटतं.

२७ मार्च
शूटिंग सुरू झालं. मी यायची गरज नाही, आम्ही इथे मॅनेज करतो, असा सोनलचा मेसेज. हल्ली तंत्रज्ञान फार पुढे गेलंय. क्लासच्या मालकांना सांगून टाकलं, पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघा. त्यांनी लगेच "बरं" म्हटलं. धक्का लपवत असावेत.

३ एप्रिल
पहिला भाग. गल्लीतले सगळे घरी. दोन कूलर, सतरंज्या, कुल्फी. आई पहिल्या रांगेत, खुर्चीवर.
दार उघडतं. नवा बंब्या धावत आत येतो, दप्तर फेकतो आणि भिंतीसमोर हात जोडतो. भिंतीवर मी. पांढरा शर्ट, चंदनाचा हार, खाली मिणमिणता लाल दिवा.
खोलीत फक्त कूलरचा आवाज. मग आई म्हणाली, "फोटो झकास शे." तिला कमी दिसतं, हार दिसला नसावा. उषा उठून स्वयंपाकघरात गेली. तोंडात पदर धरल्यासारखा आवाज आला. हसत असावी. हसू दे.
शांतपणे विचार केला. घरातली भांडणं, जेवणं, सगळं माझ्या नजरेखाली घडतं. बाकीचे नट येतात-जातात, मी प्रत्येक दृश्यात आहे. काहीही न करता सर्वत्र असणं, ही अवस्था ऋषींनाही उशिरा मिळाली.

७ एप्रिल
एक गोष्ट खटकते. कोणीही ओळखलं नाही. गल्लीबाहेर एकानेही नाही. भाजीवाल्या शेवंताबाई रोज ती मालिका बघतात. त्यांच्यासमोर फोटोतल्यासारखं तोंड करून बराच वेळ उभा राहिलो. त्यांनी विचारलं, भाऊ, पोटात दुखतंय का.

११ एप्रिल, धुळे
इथल्या एका शाळेने प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. एसटीने आलो. फाटकावर मोठा बॅनर: 'आपल्या सर्वांचा लाडका बंब्या'. त्यावर तो, नऊ वर्षांचा, गाल फुगवून. मी खाली उभा. स्वागताला आलेले गुरुजी माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत राहिले. मग अदबीने म्हणाले, "आपण वडील का? बंब्या गाडीत आहे?"
त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली आणि रस्त्याकडे बघणं चालूच ठेवलं. मीही थोडा वेळ बघितलं.

१४ एप्रिल
उषा हसत नव्हती. पहिल्या दिवशीही नव्हती. आज मालिका लागायच्या वेळेला तिने टीव्हीची वायर काढली आणि म्हणाली, "रोज संध्याकाळी कपाळाला कुंकू लावून मी तो हार बघायचा का? सांगा त्यांना, काढा म्हणावं."
तिला समजावलं की ही कला आहे. तिने कलेबद्दल एक शब्द वापरला, तो इथे लिहीत नाही.

१६ एप्रिल
सोनलला फोन. बायकोची तक्रार कशी सांगणार, म्हणून कलावंताची अट म्हणून सांगितलं: हार घातलेल्या माणसाबद्दल कोणाला काही वाटत नाही. त्याला भूतकाळात हसता-खेळता दाखवा, मगच त्याच्या जाण्याला अर्थ. सोनल म्हणाली, सर, तुम्ही आमचा प्रॉब्लेमच सोडवला. प्रेक्षकांना त्या फोटोकडे बघून काहीच होत नाही अशी तक्रार त्यांच्याकडेही होती. तो उतरवतो, म्हणाली, आणि फ्लॅशबॅक घेतो.
उषा खूश, मी खूश. एकाच फोनवर संसार आणि करिअर दोन्ही सावरलं. नवा पांढरा शर्ट घेतला. फ्लॅशबॅकला जुना शोभणार नाही.

२४ एप्रिल
मुंबईला कधी येऊ, असं विचारलं. उत्तर नाही. तारखा जुळवत असतील. मिशी काढली. तरुणपण दाखवायचं आहे. क्लासमध्ये मुलं हसली. उषा म्हणाली, मिशी नसली की वेगळेच दिसता. कोणासारखा ते सांगितलं नाही. आरशात मीही फार वेळ थांबलो नाही.

२९ एप्रिल
भाग लागला. या वेळी गल्लीला बोलावलं नव्हतं. आई, उषा आणि मी.
भिंत रिकामी. वडील आता दुबईला असतात, असं एका वाक्यात उरकलं. मेलेला माणूस दुबईला कसा गेला हे कोणीच विचारलं नाही. मग मालिकेतल्या आजीने ट्रंक उघडली आणि नव्या बंब्याला सांगितलं की या घरात तुझ्याआधी एक मुलगा होता.
आणि तो आला. जुन्या फिक्या रंगात, अंगणातून धावत, हातात अर्धी भाकरी. मीच. ती भाकरी मला आठवते, शिळी होती. पडला, उठला, कॅमेऱ्याकडे बघून हसला. तापाने गेला, असं आजी म्हणाली. पुढच्या दृश्यात भिंतीवर त्याचा फोटो. तोच हार, तोच लाल दिवा.
सोनलचा मेसेज: जुन्या भागांचे हक्क कंपनीकडेच आहेत, त्यामुळे तुमची परवानगी लागली नाही, पण आयडिया तुमची, थँक यू सर. पुढे हात जोडलेले.
संकल्प तांत्रिकदृष्ट्या पूर्ण. आखाजीच्या आदल्या दिवशी बंब्या संपला. मोकळं वाटायला हवं. उषाने टीव्ही बंद केला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. आई रडत होती. हार घातलेला मी तिला झकास वाटलो होतो. याच्यासाठी ती पदराने डोळे पुसत होती, आणि पुसून संपत नव्हतं.

३० एप्रिल, आखाजी
सकाळपासून फोन. पण कसे. नशिराबादहून एकजण म्हणाले, फार गोड पोरगं होतं हो. मी म्हणालो, हो, हुशार होता. असे पाच-सहा झाले. शेवटी शेवटी मला ते जमायला लागलं.
आई धुळ्याकडची. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागरी मांडते, भरल्या की वर खरबूज, शेजारी आमरस आणि सांजोऱ्या. दर वर्षी दोन घागरी: एक आजोबांची, एक वडिलांची. आज बघतो तर तीन. तिसरी लहान, मुलांच्या खेळातली असावी तेवढी. बाजारातून उषाकडून आणवली होती. उषाने आणूनही दिली.
विचारलं, ही कोणाची. आई म्हणाली, त्याची.
मी तिच्यासमोर बसलो. चेहरा तिच्या डोळ्यांजवळ नेला. म्हटलं, आई, तो मीच ना. मी आहे ना इथे.
तिने माझ्या गालावरून हात फिरवला. मिशी नव्हती, तरी हात कुठे थांबला नाही.
"तू ते शेस ना आठे," ती म्हणाली. "तो कोठे शे आते?"
तो आता कुठे आहे, याला संस्कृतात उत्तरं पुष्कळ आहेत. मी शिकवतोही.
घागरीत पाणी घरातल्या पुरुषाने नाव घेऊन घालायचं. आजोबांचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं. तिसऱ्या घागरीशी हिलाल म्हणून बघितलं, जमेना. मास्टर हेमंत तर कोणीच नव्हता. आई वाट बघत होती. बंब्या म्हणालो आणि ओतलं.
घागर लहान होती. अर्ध्या तांब्यातच भरली, आणि उरलेलं पाणी कुठे ओतायचं ते मला कळेना.