वॉल्ट्झची फायनल कॉपी

३ मार्च, सोमवार

ठरलं. माझ्या यानेलिसच्या पंधराव्या वाढदिवसाचा व्हिडिओ या आठवड्यात एक्सपोर्ट करून सारागोसाला पाठवायचा. म्हणजे पाठवायचाच.

सिएन्फ्वेगोसमध्ये कुणाचीही मुलगी पंधरा वर्षांची होवो, लग्नासारखा थाट असतो आणि शूटिंगला हा एवेलिओच लागतो. गावातल्या निम्म्या पोरी मी राजकन्या करून दाखवल्यात. स्वतःच्या मुलीचा नंबर आला आणि पंधरवड्यात ती आईबरोबर स्पेनच्या विमानात बसलीसुद्धा. व्हिडिओ तेवढा राहिला. घाई केली की क्वालिटी जाते. तिच्या आईला, मार्बेलिसला, हे लग्न मोडेपर्यंत कळलं नाही.

फोरके, हायेस्ट क्वालिटी. फाइल ४१ जीबी. तिच्या झग्याच्या झालरीची शिवण मोजता येते.

५ मार्च

प्रादो रस्त्यावरच्या बाकावर नेट बरं मिळतं, तिथे बसून अपलोड लावला. फोनने हिशेब करून सांगितलं, अकरा दिवस. फोनला काही कळत नाही. तासाभराने वीज गेली, टॉवर गेला, अपलोड पहिल्यापासून. फोन तसा बरोबर होता.

९ मार्च, रविवार

मार्ग सापडला! एच२६५. चित्र तेच, आकार निम्मा. इतके दिवस मी एच२६४ला कवटाळून का बसलो होतो, कळत नाही.

नमुना म्हणून नुसता वॉल्ट्झचा नाच पाठवला. कच्चाच, कॅमेऱ्यात आला तसा. यानेलिसचा निरोप आला: बाबा, चित्र काळं आहे, नुसता आवाज येतोय. तिच्या आईने तिला असला जुनाट फोन दिलाय की नवा फॉरमॅट उघडतच नाही. वर स्पेनच्या गप्पा.

त्या आवाजात मीच बडबडतोय. हनुवटी वर, यानी. खांदे सैल. हास की गं, माझी राणी. आता वळ. शी! नवशिक्यासारखं. वॉल्ट्झ कमी आणि मी जास्त. तिला लिहिलं, डिलीट कर, स्वच्छ पाठवतो. ती म्हणाली, राहू दे की. लहान आहे अजून; चांगल्या वस्तूची पारख वयाने येते.

१४ मार्च, शुक्रवार

आवाज साफ करायला बसलो. माझा एक एक शब्द उपटून काढला, त्यावर ऑर्केस्ट्रा घातला. पाठ गेली कामातून.

मध्येच खालच्या मजल्यावरची झोराइदा आली. तिची तुर्की सिरियल माझ्या डिस्कवर असते, दर आठवड्याला सिनेमा-सिरियलचं जे पॅकेट डिस्कवरून हातोहात फिरतं, त्यातून मीच तिला कॉपी करून देतो. वाटाण्याची भेसळ असलेली कॉफी घेऊन बसली आणि टोचायला लागली. म्हणे, पहिला वॉल्ट्झ बापाने नाचायचा असतो रे, आणि तू मेल्या कॅमेऱ्याला मिठी मारून उभा! म्हटलं, कॅमेरा कुणाच्या हातात देणार होतो? तुझ्या? फ्रेम हलली असती. आणि यानेलिसचा मामा रोलांडो नाचला की बापाच्या जागी. ती म्हणाली, पोरगी सारखी मान वळवून तुझ्याकडेच बघत होती. हे मात्र खरं आहे. प्रत्येक वळणाला लेन्समध्ये बघते. कॅमेऱ्याची जाण उपजतच लागते, ती माझ्याकडून आली.

२ एप्रिल, बुधवार

झोराइदाची नणंद नेरेइदा स्पेनला चाललीय, तीही सारागोसालाच. पेन ड्राइव्ह न्यायला तयार. झोराइदा म्हणाली, घे, देवच पावला.

देव पावला, पण पेन ड्राइव्ह नाही. त्यावर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. फॉरमॅट बदलायचा तर आतले नेरेइदाच्या नातवंडांचे फोटो पुसावे लागतील, त्याला ती तयार नाही. झोराइदा म्हणाली, मग दोन तुकडे कर. वॉल्ट्झचे दोन तुकडे! हिला कोथिंबीर वाटते. चार जीबीत बसेल असा दाबून दे म्हणाली, तेही मी ऐकलं नाही. उद्या यानेलिस व्हिडिओ टीव्हीवर लावेल, चारजण बघतील, म्हणतील हा बापाचा हात?

नेरेइदा गेली. माझा निर्णय योग्य आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

एक प्रयोग म्हणून साठ एमबीपर्यंत दाबून पाहिला. चेहऱ्यांच्या जागी चौकोन. रोलांडोचं तोंड बाथरूमच्या फरशीसारखं दिसतं, त्याचं दुःख नाही. पण यानेलिसचंही तसंच. नाही पाठवला.

ती फोनवर म्हणाली, बाबा, व्हिडिओचं असू दे, तू कसा आहेस ते सांग. म्हटलं, रेंडर चालू आहे, वीज जायच्या आत संपवायचंय, नंतर बोलू. रेंडर संपायच्या आत वीज गेलीच. परत फोन करणार होतो, पण म्हटलं आता फायनल कॉपी झाली की त्यावरच निवांत बोलू.

११ मे, रविवार

तिचा फोन नाही. निरोप येतात ते दोन शब्दांचे. साहजिक आहे, उत्सुकता ताणली गेलीय. बघितल्यावर ती रडेल. मग मार्बेलिसही बघेल. मग बोलणं होईल. सुट्टीत इकडे पाठवते का विचारीन. सगळं त्या फाइलवर आहे.

ठराव: फादर्स डेच्या आत फायनल.

८ जून, रविवार

झाली! एच२६४, १०८०, बिटरेट मधला, दोन वेळा पास करून. तीन जीबीच्या जरा वर. तिचा फोन उघडेल आणि झालरही दिसेल. इतके महिने लागले, पण तोल साधला. मी असतो म्हणून साधतो.

डिस्क गच्च भरली होती. झोराइदाची सिरियल पुसली असती तर तिने जिना उतरू दिला नसता. म्हणून कच्चं शूटिंग आणि आधीच्या सगळ्या कॉप्या उडवल्या. फायनल असताना कच्चं ठेवून काय करायचं? यानेलिसला कळवलं, फोनमध्ये जागा कर, ती काळी फाइल आधी काढ. तिने विचारलं, काढायलाच हवी का? म्हटलं, हो, पोरी, माझ्यावर विश्वास ठेव.

तीन दिवस बाकावर बसायची तयारी ठेवलीय. छत्री घेतो.

१५ जून, रविवार, फादर्स डे

सकाळी तिचा फोन. म्हणाली, बाबा, बघितला. छान आहे. एकदम स्वच्छ आहे. मी बिटरेटचं सांगायला सुरुवात केली. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, पण तू कुठेच नाहीस यात.

म्हटलं, मी कसा असेन, मी कॅमेऱ्यामागे होतो. ती म्हणाली, अरे, तुझा आवाज. त्या काळ्या फाइलमध्ये होता ना. इथे आल्यापासून झोप लागायची नाही मला. ती लावून उशीखाली ठेवायचे. तू म्हणतोस, हास की गं, माझी राणी, तिथपर्यंत यायची झोप. तू काढायला सांगितलीस म्हणून काढली. तीच परत पाठव ना, बाबा. ही नको.

म्हटलं, पाठवतो. आजच.

डिस्क पुन्हा पुन्हा शोधली. तुर्की सिरियलचे सगळे भाग आहेत. बाकी काही नाही.

दार लावून माइक जोडला. फायनल कॉपी लावली, तिच्यावर बोलायला बसलो. हनुवटी वर, यानी, असं म्हणालो. तिची हनुवटी आधीच वर होती. रेकॉर्डिंग थांबवलं. मला तिची फार आठवण येते. इतके महिने हेच सांगायचं होतं आणि मी तिला फॉरमॅट समजावत बसलो.

वीज होती तोवर प्रयत्न केला. एकही टेक धड नाही, सगळ्यात रडणं आलंय.

संध्याकाळी तिचा निरोप: पाठवलीस का?

लिहिलं, फाइल मोठी आहे, थोडा वेळ लागेल.