फैसल परत येतोय, माझ्यामुळे

१६ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पण फैसल परत आला की श्रेय घ्यायला धुळ्यातलं आमचं अख्खं देवपूर धावेल, तेव्हा निदान मला तरी तारीखवार माहीत असावं की हे कोणी केलं.

थोडक्यात परिस्थिती अशी. फैसल, वय बावीस, राइट विंगर. आमच्या पांझरा हॉकी क्लबकडून दोन सीझन खेळला. बॉल स्टिकला चिकटल्यासारखा घेऊन पळायचा, आणि समोरचा डिफेंडर स्वतःभोवतीच फिरून खाली बसायचा. मागच्या जानेवारीत अचानक जळगावला गेला. तिथे पाइपच्या कारखान्यात नोकरी, कारखान्याच्याच टीमकडून खेळतो. का गेला, कोणी सांगत नाही. तेव्हापासून आम्ही सात मॅच हरलो. एक बरोबरीत सुटली, त्यात समोर नऊच खेळाडू होते.

संध्याकाळी सत्तारभाईंच्या दुकानात चर्चा. त्यांचं गादी-कुशनचं दुकान, त्यामुळे बसायला मऊ आणि भांडायला सोयीचं. एक गट म्हणतो, गेला तो गेला, परत घेतला तर राहिलेल्या पोरांचा अपमान. दुसरा म्हणतो, पाया पडा पण आणा. सत्तारभाई फैसलचे सख्खे मामा, पण ते फक्त त्याची मर्जी एवढंच म्हणतात.

शेवटी मी उभा राहिलो. म्हटलं, त्याला समजून घेणारा माणूस त्याच्याशी बोलला पाहिजे. वीस वर्षं मी राइटच्या साइडलाइनला उभा आहे, त्या पोराचा एकेक श्वास मला ठाऊक आहे. सत्तारभाईंनी सुईत दोरा ओवायला घेतला, तो त्यांना बराच वेळ ओवता आला नाही. भारावले असावेत.

संकल्प: १४ डिसेंबरला खान्देश चषकाची पहिली मॅच. त्याआधी फैसल आपल्या टीममध्ये.

१७ नोव्हेंबर, सोमवार
फैसलला व्हॉइस मेसेज पाठवला. अकरा मिनिटांचा. आधी खुशाली, मग जानेवारीतल्या मॅचमध्ये त्याच्या झालेल्या चार चुका, मग परत ये. निळ्या टिका आल्या. म्हणजे ऐकला.

ऑफिसात साहेबांनी फाइल मागितली. देतो म्हटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
उत्तर नाही. विचार करत असेल. दुसरा मेसेज पाठवला, नऊ मिनिटं. कालच्यात एक चूक सांगायची राहिली होती.

१९ नोव्हेंबर, बुधवार
जळगावकडे नेटवर्कचा काहीतरी प्रॉब्लेम दिसतो. माझ्या मेसेजला एकच टिक. फैसलचा फोटोही दिसेनासा झाला. साधा मुलगा, दिखावा नको म्हणून काढला असेल. मोहिनीला फोन दाखवला. ती म्हणाली की याला ब्लॉक करणं म्हणतात. बायकोला हॉकीतलं काही कळत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
मैदानावर भिकुबाईंच्या टपरीवर चहा. मोहिमेबद्दल कोणाला सांगायचं नव्हतं, पण त्यांना सांगितलं, आणि तिथे उभ्या असलेल्या सात-आठ जणांना. भिकुबाई गाळणी झटकत म्हणाल्या, "भाऊ, तू तुन्हं तोंड बंद ठेव, पोऱ्या आपोआप यी."

बाई अनुभवी आहे. बरोबर आहे, प्लॅन गुप्त ठेवला पाहिजे. परवा गुपचूप जळगावला जातो. क्लबच्या ग्रुपवर तसं कळवलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी सहाची एसटी. सोबत मोहिनीने केलेल्या भरिताचा डबा, फैसलसाठी. पारोळ्यापर्यंत शेजारच्या माणसाला फैसलचा खेळ समजावला. पारोळ्याला तो उतरला. एरंडोलचं तिकीट काढलं होतं म्हणे, पण पारोळ्यात काम आठवलं.

जळगावला कारखान्याच्या मैदानावर प्रॅक्टिस चालू होती. मी ठरवलं होतं की लांब उभं राहायचं, एक शब्द काढायचा नाही. पंधरा मिनिटं राहिलो. मग फैसल बॉल घेऊन माझ्या बाजूने निघाला आणि मला दिसलं की आतली जागा मोकळी आहे. आत वळ, एवढंच ओरडलो. आणि लगेच, बाहेर काढ. आणि मग, पास दे. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, बॉल पायाखाली गेला आणि तो त्याच्यावरून पडला. इतक्या महिन्यांनी माझा आवाज ऐकून पोरगं हललंच.

नंतर भेटला. कोपराला बर्फ लावून बसला होता. संस्कारी मुलगा, उठून उभा राहिला, चहा मागवला. भरीत दिलं. तो हसून म्हणाला की काका, जळगावात भरीत आणलंत. मी म्हटलं, धुळ्याच्या भरिताची चव वेगळी. मी म्हटलं, परत ये. त्याने बराच वेळ पाय हलवले. मग म्हणाला, "काका, इथे शांत असतं. मला माझा विचार ऐकू येतो."

म्हणजे इथे त्याला प्रोत्साहन द्यायला एक माणूस नाही. पोरगं एकटं पडलंय. मी त्याला शब्द दिला की परत आलास तर याच्या दुप्पट आवाज देईन. तो खाली बघून बर्फ कोपराला चोळायला लागला.

परतीला एसटीऐवजी रेल्वे. चाळीसगावला जाऊन तिथून धुळे. समोर बसलेल्या गृहस्थांना मोहीम समजावत होतो. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं की तुम्हाला जायचंय कुठे. मी चाळीसगाव म्हटलं. ते म्हणाले की गाडी उलट्या दिशेला चाललीय, भुसावळ तर कधीच गेलं.

हे बोदवडच्या प्लॅटफॉर्मवर बसून लिहितोय. दौरा एकंदरीत अत्यंत यशस्वी.

२४ नोव्हेंबर, सोमवार
घरी पोचलो. ऑफिसला दांडी. मोहिनी बोलत नाही. डबा जळगावलाच राहिला, तो तिच्या माहेरचा होता.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
सत्तारभाईंच्या दुकानात जोरदार वाद. कोणीतरी बातमी आणली की आपले कोच दीपक सर स्वतः जळगावला जाऊन फैसलला भेटले. परत न घेणारा गट म्हणाला की घेतला तर आम्ही मॅचला येणार नाही. परत घेणारा गट म्हणाला की तुम्ही तसेही येत नाही. एका गादीचा कापूस बाहेर आला. मी मध्यस्थी केली. फैसलची मानसिक अवस्था मी प्रत्यक्ष पाहून आलोय, त्याला आवाज हवाय, असं सगळ्यांना सांगितलं. सत्तारभाई म्हणाले की रुपचंदभाऊ, तुम्ही जरा पाणी प्या.

प्यायलो.

संकल्प: रोज सकाळी पांझरेच्या काठाने दोन किलोमीटर चालायचं, आवाजासाठी दम हवा. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.

२९ नोव्हेंबर, शनिवार
गुळण्या केल्या. चालणं उद्यापासून.

२ डिसेंबर, मंगळवार
फैसल परत येतोय.

दुपारी ग्रुपवर आलं. ऑफिसात खुर्चीवर उभा राहिलो. साहेबांनी काय झालं म्हणून विचारलं, मी म्हटलं राइट विंग भरली. साहेबांना वाटलं रिक्त पद. अभिनंदन म्हणाले.

पाव किलो पेढे घेतले, मग एक किलो घेतले. भिकुबाईंना दिले, रिक्षावाल्यांना दिले, परत न घेणाऱ्या गटालाही दिले, तेही हसत खात होते. सत्तारभाईंनी मला मिठी मारली आणि लगेच सोडली. काहीतरी सांगणार होते, पण गिऱ्हाईक आलं. संध्याकाळी मोहिनीसुद्धा बोलली. तुमचा मुलगा येतोय म्हणे, असं म्हणाली आणि पेढ्याचा अर्धा भाग मला दिला.

दीपक सरांचा फोन. उद्या भेटा म्हणाले. फैसलची एक अट आहे, ती तुमच्याशी संबंधित आहे. साहजिक आहे. बहुतेक त्याला मी बेंचजवळ हवाय. की क्लबच्या कमिटीत? नवा शर्ट इस्त्री करून ठेवला.

३ डिसेंबर, बुधवार
भेटलो.

४ डिसेंबर, गुरुवार
काल लिहवलं नाही. लिहितो.

दीपक सर मैदानाच्या कट्ट्यावर बसले होते. मला शेजारी बसवलं. चहा सांगितला, तो हातात येईपर्यंत हवापाण्यावर बोलले. मग म्हणाले, "भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. तो जानेवारीत तुमच्यामुळे गेला होता."

मी हसलो. मला वाटलं पुढे काहीतरी आहे.

पुढे होतं ते असं. बॉल घेऊन पळताना त्याला दोन्ही कानांत माझाच आवाज यायचा. आत वळ, बाहेर काढ. शेवटच्या मॅचमध्ये पेनल्टीच्या वेळी मी मागून त्याला कुठे मारायचं ते सांगितलं, त्यांच्या गोलकीपरनेही ते ऐकलं. त्या रात्री तो घरी जेवला नाही. मामांना म्हणाला की रुपचंदकाकांना सांगवत नाही, ते इतक्या प्रेमाने ओरडतात. त्यापेक्षा मीच जातो.

अट एकच. मी राइटच्या साइडलाइनला उभं राहायचं नाही आणि मॅचभर एक शब्द बोलायचा नाही. मॅच बघायला यावं, असं त्यानेच सांगितलंय.

मी विचारलं, कोणाकोणाला माहीत होतं. दीपक सर म्हणाले, सगळ्यांना.

मग मी म्हटलं, ठीक आहे. आणि उठलो. शर्टाला चहा सांडला होता, तो कधी सांडला कळलं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार
शांतपणे विचार केला. मुळात हा राजकारणाचा भाग आहे. दुसरं म्हणजे त्या गोलकीपरला कोणीही सांगायची गरज नव्हती, तो हुशार होता. तिसरं, अट घातली म्हणजे माझा प्रभाव मान्य केला. जिल्ह्यात असा एक तरी प्रेक्षक दाखवा ज्याच्यासाठी खेळाडू करारात अट घालतो.

संकल्प: मॅचला जायचंच नाही.

१० डिसेंबर, बुधवार
सत्तारभाई घरी आले. पहिल्यांदाच. सोबत नवं कुशन, मैदानावर बसायला. मोहिनीने चहा केला. ते म्हणाले, "इतके दिवस सांगितलं नाही, ते चुकलं. पण तुम्ही आला नाहीत तर पोरगं पुन्हा तोंड पाडून बसेल."

मी म्हटलं, मला काही फरक पडत नाही. मग विचारलं की त्याचं कोपर कसं आहे. बरं आहे म्हणाले. मग आम्ही दीड तास हॉकीवर बोललो. मोहिनी म्हणते, बोललो एकटाच.

संकल्प: जायचं. लेफ्टच्या साइडला, भिकुबाईंच्या टपरीजवळ. तोंडातून शब्द यायला लागला की टोस्ट खायचा.

१३ डिसेंबर, शनिवार
घरी सराव केला. मोहिनीने टीव्हीवर सिरियल लावली, मी तासभर सूचना न देता पाहिली. तीन टोस्ट लागले.

१४ डिसेंबर, रविवार
सव्वातीनलाच मैदानावर. ऊन छान. समोर नंदुरबार. लेफ्टच्या साइडला कुशन टाकून बसलो. फैसल पलीकडच्या लाइनवर, ठिपक्याएवढा. पहिल्या दोन क्वार्टरमध्ये फक्त चार टोस्ट. स्कोअर एक-एक. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मग हाफटाइम झाला आणि टीमनी बाजू बदलल्या.

वीस वर्षं हॉकी बघतो. दीपक सरांचीही हयात त्यात गेली. पण हाफटाइमनंतर त्याची राइट माझ्या बाजूला येणार, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. फैसल पळत माझ्या समोरच्या लाइनला येऊन उभा राहिला. पंधरा फुटांवर. त्याचा श्वास ऐकू येत होता. उठून पलीकडे जावं तर मैदान ओलांडावं लागणार. भिकुबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि टोस्टची बरणीच पुढे ठेवली.

तिसऱ्या क्वार्टरला आतली जागा सताड उघडी होती. टोस्ट. तो बाहेर गेला, बॉल घालवला. टोस्ट, टोस्ट. माझ्या घशात नुसता भुगा. शेवटच्या क्वार्टरला सहा मिनिटं राहिली असताना त्याने बॉल घेतला, अगदी माझ्या पायापाशी, आणि थांबला. एक क्षण नुसता उभा. मी दोन्ही हातांनी तोंड धरलं होतं. मग तो असा सुटला की मला काय ओरडायचं तेच सुचलं नसतं. एकाला काढलं, दुसरा बसला, गोलपुढच्या डीमध्ये शिरला आणि गोलच्या फळीवर बॉलचा खाडकन आवाज आला. दोन-एक.

सगळं मैदान नाचत होतं. परत न घेणारा गट सगळ्यात पुढे. सत्तारभाई टोपी उडवून रडत होते. मीही नाचलो, तोंड मिटून.

गर्दी ओसरल्यावर फैसलकडे गेलो. त्याने वाकून नमस्कार केला. मग इकडेतिकडे पाहून, चेहरा पाडून म्हणाला, "काका, आज मॅचला आलाच नाहीत? मी पलीकडे खूप शोधलं तुम्हाला."

अगदी खरं विचारत होता. माझ्या शर्टावर टोस्टचा भुगा होता.

मी म्हटलं, घरी पाहुणे आले होते. तो म्हणाला की मग सांगतो ना, आणि स्टिक घेऊन सगळा गोल पहिल्यापासून दाखवला. पहिल्या डिफेंडरला डावीकडून काढलं म्हणाला.

उजवीकडून काढलं होतं. मी काही बोललो नाही.