फुकटच्या मातीची वाटणी

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत "ज्यांना मंजूर असेल त्यांनी हात वर करा" असे मी म्हणालो आणि झेंड्यासमोर बसलेल्या अख्ख्या गावातून माझ्याशिवाय एकही हात वर गेला नाही. माझे सगळे त्या क्षणी बदलले. त्याआधी मी या गावचा होतो. त्यानंतर नुसता इथे राहतो.

म्हणून मी, प्रफुल्ल नागोराव ताकसांडे, वय बावीस, राहणार मौजा बेलसावर, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ, शिक्षण बी.ए. दुसऱ्या वर्षापर्यंत व पुढे सोडलेले, धंदा सध्या काही नाही, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. गरम आहे, पण ठिकाणावर आहे. दारू घेतलेली नाही. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. धाक आहे तो गप्प बसण्याचा. आणि मी मरायला निघालेलो नाही, हे वाक्य आईने आणि पोलीस पाटलाने दोनदा वाचावे. मी खाणीच्या रस्त्याखालची, नाल्याचे पाणी जाणारी मोरी मोकळी करायला निघालो आहे. तिच्यावर मातीचा सुटा ढीग आहे. तो सरकला तर माझ्यामागे भांडण नको, एवढ्यासाठी हा कागद.

"मृत्युपत्र कायले लिवतं बे?" देवीलालने विचारले. देवीलाल तांड्यावरचा माझा दोस्त, वणीची काळीपिवळी जीप चालवतो. "तुह्याजवळ हाय काय वाटाले?"

"राग हाय."

"मंग मले नको देऊ. माह्या घरचाच पुरून उरते."

तर वाटणी.

कलम एक, माती. ही माझी नाही, पण तिची वाटणी कोणीतरी केली पाहिजे. कोळशाच्या वरची माती टाकायला खाणीच्या ठेकेदाराला जागा हवी होती. नाल्याकाठच्या लोकांना शेत वाढवायचे होते. सरपंच किसनराव यांनी दोघांची गाठ घालून दिली, टिप्पर त्यांचेच. माती फुकट, आणून टाकणेही फुकट. पहिल्या टिप्परला गावाने हार घातला, नारळ फोडला. आमच्या मोहल्ल्यातली पोरेही पेढे खाऊन आली. मग काठावरच्या एकेकाने नाल्यात माती लोटून पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या ओळींची, दोन-दोन तासं वाढवून घेतली. नाला इतका आवळला की उन्हाळ्यात शेळी उडी मारून पलीकडे जायची. उरलेल्या मातीचा ढीग लागला मोरीच्या तोंडाशी.

मागच्या ऑगस्टमध्ये महिन्याभराचा पाऊस एका दिवसात पडला. ढीग घसरला, मोरीची तोंडं बुजली आणि पाणी वळून आमच्या मोहल्ल्यात शिरले. वाढवलेली तासंही वाहून गेली. आदल्या साली बोंडअळीने कापूस नेला होता, या साली पाण्याने नेला. आता गावात जो तो म्हणतो, हवामानच बदललं, माणूस काय करणार. पाऊस बदलला हे खरेच आहे. पण तो आला तर कुठून जाईल, हे आपण नारळ फोडून ठरवले होते. ती माती मी ज्याची त्याला परत करतो. फावड्याने जेवढी निघेल तेवढी काठावर, ज्याच्या त्याच्या बांधाशी टाकीन.

कलम दोन, पितळी गडवा, म्हणजे तांब्या. हा मथुराबाईंचा. शेजारी एकट्या राहायच्या. पाणी आले तेव्हा टिनाच्या छपरावर चढून भिजत बसल्या, आणि नंतर तापाने गेल्या. गडवा मला त्यांच्या चुलीच्या गाळात सापडला. तो त्यांच्या मुलीला घाटंजीला पोचवावा. सोबत सांगावे की तिच्या आईची नोंद कुठेही नाही. मी तहसीलमध्ये गेलो होतो. बाबूने विचारले, "पाण्यात बुडून गेल्या का?"

"नाही. तापानं. नंतर."

"मग पुरात गेल्या असं नाही होत ना, भाऊ."

"आन् मोरीचं?"

"ते बांधकामकडे."

बांधकामवाले म्हणाले रस्ता खाणीचा. खाणीवाले म्हणाले ग्रामसभेचा ठराव आणा. ठराव मागितला तर वर लिहिले तसे झाले. मग निवडणूक लागली, आचारसंहिता. ती उठली तर म्हणतात, आता पाऊस तोंडावर आहे, पावसाळ्यानंतर पाहू.

कलम तीन, शिल्ड. फेब्रुवारीत कॉलेजात 'पर्यावरण आणि आपण' या विषयावर भाषणात मी पहिला आलो. बक्षीस द्यायला प्रमुख पाहुणे म्हणून तोच ठेकेदार. त्याने पाठीवर थाप मारली, म्हणाला, "तुमच्यासारखी तरुण पोरं पाहिजेत." फोटो निघाला. मी स्टेजवरून उतरलो तो सरळ काळीपिवळीत बसलो. पुन्हा कॉलेजात गेलो नाही. शिल्ड लाकडाचे आणि जड आहे. ते ग्रामपंचायतीला द्यावे. त्यांचे दार वाऱ्याने आपटते, अडसर म्हणून चालेल.

कलम चार, बैलाचा कासरा. हा दीपाला. दीपा म्हणजे किसनरावांची मुलगी, माझ्याच वर्गातली. गावात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लपवत नाही. याच कासऱ्याने आम्ही दोघांनी नाला मोजला, वरच्या पुलापासून मोरीपर्यंत. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती पलीकडच्या काठावर असायची, पण दोरी जराशी हलली तरी मला बरे वाटायचे. नकाशा तिने काढला, कारण माझ्या रेघा वाकड्या येतात. कोणी नाला किती खाल्ला ते त्यात आहे. स्वतःच्या बापाचे शेत तिने लाल रंगाने रंगवले. लाल! मी सांगितले नव्हते.

ग्रामसभेत किसनराव म्हणाले, "हा नकाशा कोणी काढला? कोणत्या इंजिनेरनं?" मी बायकांकडे पाहिले. दीपा बसली होती. म्हटले, आता उठेल. ती पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिली.

नंतर जीपच्या थांब्यावर भेटली. मी खूप बोललो. तिने ऐकून घेतले.

"तुले नाला पाह्यजे का मी?"

"दोन्ही."

"दोन्ही माह्या बापाच्या वावरातून जाते, प्रफुल्ल." मग म्हणाली, "तू हात वर करून आपल्या घरी गेला. मले हात वर करून कोणाच्या घरी जाव लागलं असतं?"

मी म्हणालो, माझ्या. ती हसली, तेव्हा मला आमचे पाण्याने फुगलेले दार आठवले. तरीही मी तिला माफ केलेले नाही. कासरा तिचा. तिला वाटले तर न्यावा, नाहीतर गाय बांधावी.

कलम पाच, आई-बाबा. घर बाबांचे आहे, त्यात माझे काही नाही. सायकल बाबांना. चेन गंजली आहे, तेल द्यावे. ग्रामसभेत बाबांनी हात वर केला नाही. घरी येऊन म्हणाले, "सारं गाव किसनरावाच्या वावरात कामाले जाते, पोरा. हात वर केला का काम जाते." मी त्यांच्याशी महिनाभर बोललो नाही. आता बोलतो, कमी. ~~माझा मोबाईल व भारताचे संविधान हे पुस्तक आई सत्यशीला हिला.~~ आईचाही हात त्या दिवशी पदराखालीच राहिला होता. ती किसनरावांकडे कापूस वेचते.

कलम सहा, माझे काही झालेच तर. पंचनाम्यात 'नैसर्गिक आपत्ती' लिहू नये. पुण्यानुमोदनाला भन्तेजींशिवाय कोणी बोलू नये. किसनरावांनी तर मुळीच नाही. माझ्या नावाने झाड लावू नये. लावले तर त्याच्याजवळ कोणी फोटो काढू नये.

साक्षीदार पहिला: देवीलाल सेवादास जाधव. सही केली आणि म्हणाला, "दोन पायजे. आन् ज्याले काही भेटते, तो साक्षीदार चालत नाही. माह्या काकाच्या केसीत झालतं तसं."

दुसरा म्हणून चुलतभाऊ अतुलला विचारले. त्याची ठेकेदाराकडे ड्युटी आहे. "भाऊ, मले पाह्यलंच नाही समज," म्हणाला. मी लिहिणार होतो की दुसरा साक्षीदार या गावात मिळाला नाही. आई चुलीजवळून उठली, हात पुसले.

"कुठी करू सही?"

"तुले चालत नाही, आई. तुह्या नावानं मोबाईल हाय, पुस्तक हाय."

"मंग खोड ते. मले काही नको देऊ."

मी ती ओळ खोडली. शेवटी विचारलेच, "त्या दिवशी काहून नाही केला हात वर?"

"त्या दिवशी सारं गाव माह्याकडं पाहून राह्यलं होतं."

"आन् आज?"

"आज तू पाहून राह्यला."

खाडाखोडीबाबत खुलासा: कलम पाचमधली एक ओळ मी स्वतः, आईच्या सांगण्यावरून खोडली आहे. मोबाईल आणि पुस्तक आता कोणाचेच नाहीत. ज्याला लागेल त्याने घ्यावे.

साक्षीदार दुसरा: सत्यशीला नागोराव ताकसांडे. सही मोठी आहे, ओळीबाहेर गेली आहे, ती तशीच ग्राह्य धरावी.

स्थळ: बेलसावर. तारीख: १६ जून २०१९, रविवार. वेळ सकाळची. गावात धूळपेरणी चालू आहे. आभाळ भरून येत आहे.

लिहून देणार: प्रफुल्ल नागोराव ताकसांडे.

ता. क. सही करून आई थांबली नाही. घमेले घेऊन चपला घालते आहे. मी म्हटले, "तू कायले?" तर म्हणाली, "माती काय तू तोंडानं उचलशीन?" साक्षीदारच सोबत आला तर कागदाचे काय होते, ते मला माहीत नाही, देवीलालच्या काकाला विचारावे. बाबा ओसरीवर पाठ करून बसले आहेत. कागद बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवतो. कासरा बाहेरून दाराच्या कडीला बांधतो, एक टोक मोकळे सोडून. फावडे खांद्यावर घेतो. आई पुढे निघाली. दार पाण्याने फुगले आहे, एका ओढीत लागत नाही. दोनदा ओढतो, आणि लावून घेतो.