नांदीचा मान

२० फेब्रुवारी
वाचनालयाचा दीपक घरी आला. मला रिटायर होऊन सात वर्षं झाली. जळगाव जामोदला मराठीच्या मास्तराची आज पहिल्यांदा आठवण झाली. सत्तावीसला मराठी दिनाचा कार्यक्रम, बुलढाण्याहून पाहुणे. "गुरुजी, नांदी तुमच्याकडे हाय," म्हणाला. लगेच हो म्हटलं नाही. डायरी बघून सांगतो म्हटलं. आतल्या खोलीत जाऊन आलो आणि हो म्हटलं.

२१ फेब्रुवारी, सकाळी
विषय ठरला : 'नांदी' हाच शब्द. संस्कृत नाटकाआधीचं मंगलपद्य. मूळ धातू नन्द्, म्हणजे आनंदणे. पेपरवाले खुशाल 'दुष्काळाची नांदी' छापतात. त्यांना सोडणार नाही.
संकल्प : चाळीस मिनिटांच्या वर बोलायचं नाही.

२३ फेब्रुवारी
समताला फोन केला. पोरगी नाशिकला नर्स, ड्युटी फार. मुद्दाम सांगितलं, माझ्या भाषणासाठी रजा टाकू नकोस. "नाही टाकत, बाबा. मले भेटतच नाही," म्हणाली. समजूतदार आहे.

२५ फेब्रुवारी
चार पानं तयार. स्वयंपाकाच्या बेबीताईंना वाचून दाखवली. दुसऱ्या पानाला पोळ्या संपल्या, तिसऱ्याला त्या चपला घालत होत्या. "लय खोल हाय, गुरुजी." म्हणजे साध्या माणसालाही भिडतंय.

२६ फेब्रुवारी
पत्रिका मिळाली. माझं नाव नाही. पण 'नांदी' आहे, ठळक. शब्द आला म्हणजे माणूस आलाच.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
कार्यक्रम पाचचा. साडेचारला पोचलो. दीपक म्हणाला, "गुरुजी, पाहुण्याची गाडी खामगावातच अडकून राह्यली. ते येईस्तोवर माइक सांभाळा." तो यालाच नांदी म्हणत होता.
श्रोते एकोणीस. "नांदी हा शब्द आपण..." एवढं म्हटलं आणि सगळी सभा उभी राहिली. असा अनुभव दुर्मीळ. मागे वळून पाहिलं तर पाहुणे आत येत होते. दीपकनं माइक घेतला. "झाली नांदी, गुरुजी. बसा आता." स्टेजवर खुर्ची उरली नव्हती.
पाहुणे तासभर बोलले. शेवटी म्हणाले, इंग्रजी शाळा ही मराठीच्या मरणाची नांदी आहे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सगळे वाजवत होते.

२८ फेब्रुवारी
समताचा फोन आला. तिनं आपणहून केला. कसं झालं विचारलं. छान, म्हटलं. लोक उभे राहिले.
"पण बाबा, नांदी म्हणजे काय असते?"
चार पानं समोरच होती. तिची बस आली असावी, मागून हॉर्न ऐकू येत होता. "सुरुवात," म्हटलं.
"कशाची?"
पहिलं पान उचललं. तेवढ्यात फोन कटला. रेंज गेली असेल, आमच्याकडे नेहमीच जाते.
मोबाइल हातात धरून अर्धा तास बसलो. रेंज पूर्ण होती.